स्टार कॉप्स: बीबीसीची फसलेली अंतराळ-पोलीस मालिका – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही मालिका कधीची, आणि एकूण किती भाग?

बीबीसी टू वाहिनीवर ६ जुलै ते ३१ ऑगस्ट १९८७ या काळात, दर सोमवारी संध्याकाळी. एकूण नऊ भाग, प्रत्येक साधारण पंचावन्न मिनिटांचा. संकल्पना ख्रिस बाउचर यांची, निर्माता एवगेनी ग्रिडनेफ. नऊपैकी पाच भाग बाउचर यांनी स्वतः लिहिले, तीन जॉन कोली यांनी आणि एक फिलिप मार्टिन यांनी. दिग्दर्शक दोन: ख्रिस्तोफर बेकर आणि ग्रॅम हार्पर. दुसरा हंगाम निघालाच नाही.

रबरी मुखवट्यांचे परग्रहवासी पोलीस असलेली मालिका ती हीच का?

नाही. ती 'स्पेस प्रीसिंक्ट', गेरी अँडरसन यांची, १९९४-९५ सालची, चोवीस भागांची. नावं सारखी वाटतात आणि निराशेच्या यादीत दोन्ही शेजारी-शेजारी बसतात, म्हणून हा घोळ होतो. स्टार कॉप्समध्ये परग्रहवासी नाहीत, लेझर बंदुका नाहीत, प्रकाशाहून वेगवान यानं नाहीत. माणसं, यंत्रं, कंत्राटं आणि खून, एवढाच ऐवज.

गोष्ट थोडक्यात काय आहे?

साल २०२७. अवकाशात सुमारे तीन हजार माणसं कामाला आहेत: पृथ्वीभोवतीच्या स्थानकांवर, चंद्रावर, मंगळावर. त्यांच्या बंदोबस्ताला इंटरनॅशनल स्पेस पोलीस फोर्स नावाचं दल आहे, पण ते अर्धवेळ स्वयंसेवकांचं, म्हणून सगळे चेष्टेनं त्यांना 'स्टार कॉप्स' म्हणतात. नेथन स्प्रिंग (डेव्हिड कॉल्डर) हा जुन्या वळणाचा ब्रिटिश पोलीस अधिकारी. संगणकाच्या निष्कर्षांवर त्याचा विश्वास नाही. वरिष्ठ त्याला जवळपास ढकलूनच या दलाचा प्रमुख करतात. त्याला अवकाशात जायचंच नसतं, पोटात ढवळतं. हाताखाली अमेरिकी डेव्हिड थेरू (एरिक रे इव्हान्स), तोंडाळ आणि ढेरपोट्या कॉलिन डेविस (ट्रेव्हर कूपर), ऑस्ट्रेलियाची पाल केन्झी (लिंडा न्यूटन), आणि सहाव्या भागापासून जपानी अॅना शून (सायो इनाबा). चंद्रतळाचा कारभारी रशियन, अलेक्झांडर क्रिवेन्को (जॉनथन अॅडम्स). नेथनच्या खिशात 'बॉक्स' नावाचा बोलणारा छोटा संगणक असतो. त्याचा आवाजही कॉल्डर यांचाच आहे, त्यामुळे नेथन सतत स्वतःशीच हुज्जत घालतोय असं वाटतं. ही युक्ती मात्र छान जमली आहे.

एवढा मसाला असताना मालिका निराश का करते?

कारण कागदावरची मालिका आणि पडद्यावरची मालिका या दोन वेगळ्या मालिका आहेत.

बाउचर यांचा अनुभव दोन्हीकडचा. 'ब्लेक्स सेव्हन' या विज्ञानमालिकेचे ते संहिता-संपादक होते, आणि 'शूस्ट्रिंग' व 'बर्जरॅक' या तपासमालिकांवरही त्यांनी तेच काम केलं होतं. त्यामुळे संहितेत तपास आधी येतो आणि अवकाश मागून. पहिलाच भाग बघा, 'अॅन इन्स्टिंक्ट फॉर मर्डर'. अंतराळपोशाख बिघडून माणसं मरतायत. संगणक म्हणतो, मृत्यूंचा आकडा अपेक्षित प्रमाणातच आहे, चौकशीची गरज नाही. नेथनची शंका साधी: एखाद्यानं खून करताना मुद्दाम त्या प्रमाणाच्या आतच राहायचं ठरवलं, तर आकडेवारीला ते कळणार कसं? सरासरीच्या आड लपवलेला खून, ही आजही ताजी कल्पना आहे.

आता हेच चित्रीकरणात काय झालं ते बघा. स्टुडिओतले प्रसंग त्या काळच्या रिवाजानं एकाच वेळी अनेक कॅमेरे लावून व्हिडिओवर घेतलेले. कॅमेरे अनेक असले की प्रकाशयोजना सगळ्यांना चालेल अशी करावी लागते, म्हणजे वरून, सपाट आणि भरपूर. सावली उरत नाही. सावली नसली की प्लायवूडची भिंत प्लायवूडचीच दिसते आणि रंगवलेला पाइप रंगवलेलाच. संवादांत भीती आहे, पण खोली दवाखान्याच्या वेटिंग रूमसारखी उजळलेली. बाकीचे दोष यानंतरचे.

भर उन्हाळ्यात, लंडनला रात्री नऊपर्यंत उजेड असतो त्या दिवसांत, फारशी जाहिरातबाजी न करता ती दाखवली गेली. प्रेक्षक जमायच्या आत नऊ आठवडे संपले.

दोष लेखकाचा की निर्मात्याचा?

बाउचर निर्मितीवर नाराज होते आणि त्यांनी ते लपवलं नाही. ते डिसेंबर २०२२ मध्ये वारले. पण सगळं खापर ग्रिडनेफ यांच्यावर फोडणं बरोबर नाही. नऊ भाग, दोन दिग्दर्शक, वजनरहित अवस्था, चंद्राचा पृष्ठभाग, यानांच्या प्रतिकृती, हे सगळं दूरचित्रवाणीच्या साध्या नाटकाच्या बेतानं करायचं, हा व्यवहारच न जमणारा होता. आणि संहितेतही चुका आहेत, त्या पुढे येतीलच.

वजनरहित प्रसंगात तारा का दिसतात?

उडण्याच्या प्रसंगांना रंगभूमीवरची जुनी तारांची पद्धत वापरली आहे. कपड्यांच्या आत कंबरपट्टा, त्याला दोन्ही नितंबांजवळ एकेक फिरती कडी, प्रत्येक कडीला पोलादी तार, तारा वर आडव्या दांड्याला. कड्या शरीराच्या गुरुत्वमध्याच्या पातळीवर, म्हणजे साधारण बेंबीच्या रेषेत बसाव्या लागतात. दोन बोटं वर बसल्या तर पाय खाली लोंबतात. खाली बसल्या तर माणूस डोक्यावर उलटा होतो.

यात बिघडणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत:

तार चमकते. उपाय म्हणजे तिला मागच्या भिंतीच्या रंगाचा मॅट रंग द्यायचा आणि प्रकाश कमी ठेवायचा. वर सांगितलेल्या लख्ख प्रकाशात हा उपाय मेला.

केस आणि कपडे पोल खोलतात. माणूस तरंगतोय पण केस खाली पडलेत, खिशाचा पट्टा खाली लोंबतोय. केस घट्ट बांधून आणि पट्टे शिवून टाकून हे झाकता येतं.

नट पोट आवळतो. तारेवर आडवं राहायला पोटाचे आणि मांड्यांचे स्नायू ताणावेच लागतात, आणि तो ताण चेहऱ्यावर येतो. खऱ्या वजनरहित अवस्थेत शरीर सैल पडतं: गुडघे किंचित वाकलेले, हात छातीसमोर तरंगते. ज्यांनी स्थानकावरची खरी चित्रफीत बघितली आहे त्यांना फरक लगेच टोचतो.

लंबक होतो. तारेवरचा माणूस थांबला की झोके घेतो. अवकाशात थांबलेला माणूस थांबलेलाच राहतो.

चांगला दिग्दर्शक कॅमेरा खाली ठेवून वर रोखतो, म्हणजे तार अंगामागे जाते. मालिकेत काही जागी हे केलंय, आणि तेवढे प्रसंग खरंच जमून आलेत.

दलाचं मुख्यालय दुसऱ्याच भागाच्या सुमाराला चंद्रावर का हलतं?

गोष्टीतलं कारण असं की नेथनला युरोपीय स्थानक 'चार्ल्स द गॉल' वरून कारभार चालवायचा नाही. निर्मितीच्या बाजूनं फायदा उघड आहे: चंद्रावर गुरुत्वाकर्षण आहे, म्हणजे तारा नकोत.

पण चंद्रावर माणसं इतकी सरळ कशी चालतात?

चालू शकत नाहीत. चंद्रावरचं गुरुत्व १.६२ मीटर प्रति सेकंद वर्ग, पृथ्वीच्या एक षष्ठांश. चालताना पाय म्हणजे उलटा लंबक. तो किती वेगानं झुलू शकतो हे गुरुत्वावर ठरतं. पृथ्वीवर साधारण ताशी ७ किलोमीटरच्या पुढे चालणं सोडून पळावं लागतं. तेच गणित चंद्रावर मांडलं तर मर्यादा ताशी ३ किलोमीटरच्या आसपास येते. म्हणजे तळाच्या बोळातून तावातावानं चालत जाणारा नेथन प्रत्यक्षात ढांगा टाकत उडत गेला असता आणि वळणावर भिंतीला आपटला असता. हातातून निसटलेला पेला मीटरभर पडायला पृथ्वीवर ०.४५ सेकंद लागतात, चंद्रावर १.१ सेकंद.

तळाबाहेरच्या दृश्यांना मंदगती पुरते, कारण तिथे पोशाखातला माणूस आणि धूळ एवढंच असतं. हिशेब सोपा: पडण्याचा वेळ सहाच्या वर्गमुळाच्या पटीत, म्हणजे २.४५ पट वाढवायचा. सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम) दाखवायच्या असतील तर चित्रण ६१ चौकटींनी करायचं. आतल्या संवादांना हे चालत नाही, आवाज लांबतो. म्हणून बहुतेक मालिका आत गुरुत्व विसरतात. हीही विसरली. आमच्या मते हा माफ करण्यासारखा दोष आहे.

बाकीचं विज्ञान कितपत बरोबर आहे?

त्या काळच्या मानानं चांगलं, आणि जिथे चांगलं आहे तिथे कथेचा कणा तेच आहे. दुसरा भाग 'कॉन्व्हर्सेशन्स विथ द डेड' याचं उत्तम उदाहरण. डीडलस हे मालवाहू यान मार्ग सोडून भलतीकडे निघालंय. आतली माणसं जिवंत आहेत, रेडिओवर बोलतायत, पण त्यांच्यापर्यंत वेळेत पोचता येणार नाही. पोलिसांना जिवंत माणसांच्या मृत्यूचा तपास करायचा आहे, आणि साक्षीदार स्वतः मयतच.

'दुसरं यान का नाही पाठवत?' हा प्रश्न हमखास येतो. पृथ्वीच्या खालच्या कक्षेत यानाचा वेग सेकंदाला ७.७ किलोमीटर असतो. पृथ्वी सोडून जायला आणखी ३.२ लागतात. एवढा वेग मिळालेलं यान पहिल्या दिवसात दोन लाख किलोमीटरच्या पलीकडे जातं. त्याला गाठायचं तर तितकाच आणि वर आणखी थोडा वेग हवा, मग जुळवून घ्यायला, उलट फिरायला आणि परत कक्षेत थांबायला पुन्हा-पुन्हा वेग मारायला हवा. हायड्रोजन-ऑक्सिजनच्या इंजिनाला वेग सेकंदाला ३.२ किलोमीटरनं बदलणाऱ्या एका झेपेसाठी यानाच्या वजनाचा निम्मा भाग इंधन लागतं. अशा चार झेपा धरल्या तर वजनाच्या जवळपास ९५ टक्के इंधनच होतं. असं टँकर-यान कोणी तयार उभं ठेवत नाही.

चुकलेली गोष्ट म्हणजे संभाषणातला विलंब. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर, रेडिओ लहरीला एका बाजूला १.३ सेकंद. म्हणजे प्रश्न आणि उत्तर यांत किमान अडीच सेकंदांची शांतता हवी. नाटकात अडीच सेकंद फार लांब वाटतात, म्हणून ती बहुतेक वेळा गाळली जाते. खरं तर चौकशीच्या प्रसंगात हा विलंब सोन्यासारखा वापरता आला असता: संशयित गप्प आहे की लहर अजून पोचायची आहे?

शीर्षकगीतावर सगळे का तुटून पडतात?

मूडी ब्लूजचे जस्टिन हेवर्ड यांचं 'इट वोन्ट बी ईझी'. गाणं वाईट नाही, मऊ आहे, आणि पुढच्या पंचावन्न मिनिटांत कुणीतरी निर्वात पोकळीत मरणार आहे याची त्याला कल्पना नाही. भाग लावल्यावर पहिला मिनिटभर सोडून द्या.

पात्रांबद्दल तक्रार काय आहे?

तक्रार खरी आहे. आंतरराष्ट्रीय दल म्हणायचं आणि प्रत्येक देशाला एकच ठसा मारायचा, असं बऱ्याच भागांत होतं. इटलीत गेलं की माफिया, जपानी कंपनी आली की माणसांपेक्षा कंपनीची अब्रू मोठी, अमेरिकी आले की उर्मट. 'धिस केस टु बी ओपन्ड इन अ मिलियन इयर्स' या भागात किरणोत्सारी कचऱ्याचा विषय हाताशी होता, तोही या साच्यात अडकला. डेविसच्या तोंडी असलेले बायकांवरचे शेरे तेव्हा विनोद म्हणून लिहिले होते, आता कानाला लागतात.

केन्झी मात्र वेगळी निघाली. तिसऱ्या भागात नेथन तिला भ्रष्टाचारासाठी काढून टाकतो. त्यानंतर ती अपहरणाचा एक डाव उधळते, वृत्तवाहिन्या तिला डोक्यावर घेतात, आणि नेथनला नाक मुठीत धरून तिला परत घ्यावं लागतं. पुढचे सगळे भाग तिची आणि त्याची धुसफूस चालू राहते. लिंडा न्यूटन नसत्या तर मधले भाग बघवले नसते.

दहावा भाग कुठे गेला?

'डेथ ऑन द मून', लेखक फिलिप मार्टिन. दहा भागांचं नियोजन होतं. संपामुळे चित्रीकरण झालं नाही आणि भाग कायमचा रद्द झाला. 'हरवलेला' भाग कुठेतरी तिजोरीत आहे अशी कुजबुज अधूनमधून ऐकू येते. जे चित्रित झालंच नाही ते तिजोरीत कसं असेल?

खऱ्या अवकाशात गुन्हा घडला तर हद्द कोणाची?

आपल्याकडे 'हे आमच्या हद्दीत येत नाही' ऐकायला ठाण्यापर्यंत जावं लागतं. अवकाशात ते वाक्य आंतरराष्ट्रीय करारातच लिहून ठेवलंय. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराच्या आठव्या कलमानुसार, जे यान ज्या देशाच्या नोंदवहीत, त्यावर आणि त्यातल्या माणसांवर अधिकार त्या देशाचा. दुसऱ्या कलमानुसार चंद्रावर कोणीही सार्वभौमत्व सांगू शकत नाही. म्हणजे चंद्रावरच्या खोलीत हद्द आहे, पण खोलीबाहेरच्या मातीवर ती कोणाचीच नाही.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकासाठी १९९८ चा वेगळा करार आहे. त्याच्या २२ व्या कलमात भागीदार देशांना आपापल्या नागरिकांवर फौजदारी अधिकार दिलाय. भारत त्यात भागीदार नाही, त्यामुळे जून २०२५ मध्ये स्थानकावर गेलेल्या शुभांशू शुक्ला यांच्यासारख्या भारतीय पाहुण्याला ते कलम सरळ लागू पडत नाही. मग नोंदणीच्या तत्त्वाकडे वळावं लागतं.

मालिकेतलं सर्व देशांचं मिळून एक दल ही व्यवस्था प्रत्यक्षात कुठेही नाही. बाउचर यांनी तिचा कमकुवतपणा मात्र अचूक पकडला: नेथनकडे पदवी आहे, पण प्रत्येक स्थानकाच्या दारात त्याला परवानगी मागावी लागते. अमेरिकी 'रोनाल्ड रीगन' स्थानकाच्या भागात हे उत्तम दिसतं. आमच्या मते मालिकेचा खरा विषय हाच होता, आणि त्यावर आणखी चार भाग हवे होते.

२०२७ बद्दलचे अंदाज किती खरे ठरले?

चंद्रतळ नाही, मंगळावर माणूस नाही, आणि अवकाशात एका वेळी असणाऱ्या माणसांची संख्या तीन हजार सोडा, दोन आकड्यांतच असते. सोव्हिएत संघ टिकेल हे गृहीत धरलं होतं. तो चार वर्षांत गेला. बॉक्स तेवढा खरा ठरला. खिशातलं, बोललेलं समजणारं, मालकाची कामं करणारं आणि मालकाबद्दल जरा जास्तच माहीत असलेलं यंत्र.

सगळे भाग बघायचे नसतील तर कोणते बघावेत?

पहिला, दुसरा, चौथा ('ट्रिव्हियल गेम्स अँड पॅरानॉइड परस्यूट्स') आणि आठवा ('अदर पीपल्स सीक्रेट्स'), याच क्रमानं. आठव्यात चंद्रतळावरची सुरक्षा-यंत्रणा एकामागून एक बिघडतेय आणि जेफ्री बेल्डन यांनी साकारलेला तपासनीस वोल्फहार्ट सगळ्यांचा जीव नकोसा करतो. जागा एकच, माणसं मोजकी. स्टुडिओची अडचण इथे गुण झाली आहे. पहिला भाग सोडून दुसऱ्यावर उडी मारू नका: ली जोन्स, नेथनची मैत्रीण, तिचं पहिल्या भागातलं वागणं ठाऊक नसेल तर दुसऱ्यातल्या घटनेचा धक्का बसत नाही. पाचवा आणि सातवा वेळ असेल तर. नवव्याला शेवट म्हणून बघू नका, तो शेवट म्हणून लिहिलेला नाही.

ब्रिटिश डीव्हीडी भारतात चालेल का?

ब्रिटनची डीव्हीडी क्षेत्र २ ची, भारत क्षेत्र ५ मध्ये. घरच्या प्लेअरला क्षेत्राचं कुलूप असेल तर तबकडी घेणार नाही. सर्व-क्षेत्री प्लेअर लागेल. चित्रपद्धती दोन्हीकडे पाल, तिथे अडचण नाही. अमेरिकेत किंवा कॅनडात असाल तर एनटीएससी या तिथल्या वेगळ्या चित्रपद्धतीचाही प्रश्न येतो. संगणकाच्या ड्राइव्हचं क्षेत्र फक्त पाच वेळा बदलता येतं, पाचव्यांदा जे ठेवाल ते कायमचं. म्हणून आधी व्हीएलसी या संगणकावरच्या मोफत प्लेअरमध्ये तशीच लावून बघा, बऱ्याचदा चालते.

चित्र ४:३ आहे. रुंद टीव्हीवर ताणू नका, डेविस आणखी जाडा दिसतो. हालचालीत आडव्या दातेरी रेघा दिसल्या तर व्हीएलसीत डिइंटरलेस (अर्ध्या-अर्ध्या चौकटी जोडून पूर्ण चित्र करणारी सोय) चालू करा आणि पद्धत 'याडिफ २एक्स' ठेवा. साधा 'याडिफ' सेकंदाला २५ चौकटी देतो. २एक्स मूळच्या ५० अर्धचौकटी पूर्ण वापरतो आणि व्हिडिओची हालचाल पाहिजे तशी गुळगुळीत राहते. टीव्हीवरची चमक थोडी कमी आणि काळा रंग जरा गडद केला तर स्टुडिओचा सपाटपणा बराच झाकला जातो.

पुढे काही आलं का?

आलं, पण आवाजात. २०१८ पासून बिग फिनिश या संस्थेनं 'मदर अर्थ' या नावानं श्राव्य-नाट्याचे संच काढले. कॉल्डर, कूपर आणि न्यूटन यांनी आपापल्या भूमिका पुन्हा केल्या. इव्हान्स १९९९ मध्ये आणि अॅडम्स २००५ मध्ये वारले होते, म्हणून फिलिप ऑलिव्हिए यांचा पॉल बेली हा नवा अधिकारी आणला. तारा, प्रकाश, चंद्रावरची चाल, यातलं काहीच आड येत नाही. मूळ नऊपैकी निदान पहिले तीन भाग बघून मग ऐका, नाहीतर केन्झी आणि नेथन एकमेकांना टोमणे का मारतात ते कळणार नाही.